नावाची मालकी आणि दाव्याचा खर्च



व्यापारचिन्हाच्या कायद्याचे समर्थन ग्राहकाच्या हितासाठी म्हणून केले जाते. एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर खपू नये, हा त्याचा हेतू आणि तो रास्तच आहे. प्रश्न उद्भवतो तो हा हक्क बजावण्यास पदरी किती पैसा असावा लागतो, या ठिकाणी.

मुक्त सॉफ्टवेअर रचणारी मंडळी आपल्या श्रमाचे फळ, म्हणजे आज्ञावलीचा मूळ मजकूर, सर्वांना खुला करतात. तो कोणीही घ्यावा, बदलावा, पुन्हा वाटावा. म्हणूनच येथे नावाचे महत्त्व कमी न होता वाढते. हाती आलेली प्रत मूळ मंडळींची की कोणी फेरफार केलेली, हे ओळखण्याची खूण नावाखेरीज दुसरी कोणती?

1997 साली मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी ‘ग्नोम’ प्रकल्प सुरू केला. लिनक्सवरील संगणकाच्या पडद्याची सारी मांडणी करणारी ही आज्ञावली. 2006 पासून हे नाव अमेरिकेत नोंदलेले होते. तरीही मे 2014 मध्ये सवलतीची कुपने विकणाऱ्या ग्रुपॉन कंपनीने दुकानाच्या गल्ल्यावर ठेवायच्या आपल्या टॅब्लेट-यंत्रणेला नेमके हेच नाव दिले आणि त्यासाठी एकूण 28 अर्ज दाखल केले. असा अर्ज राजपत्रात प्रसिद्ध झाला की 30 दिवसांत विरोध नोंदवावा लागतो, अथवा मुदतवाढ मागावी लागते. पहिल्या 10 अर्जांना विरोध करण्यासाठीच ग्नोम प्रतिष्ठानला 80 हजार डॉलर हवे होते. 11 नोव्हेंबर रोजी प्रतिष्ठानने लोकांपुढे झोळी पसरली. देणग्यांबरोबर निषेधाचाही पाऊस पडला आणि त्याच दिवशी कंपनीने सर्व अर्ज मागे घेत असल्याचे जाहीर केले.

याला कायद्याचा विजय म्हणणे भाबडेपणाचे होईल. कोणत्याही न्यायाधिकाऱ्यापुढे ही बाजू मांडली गेली नाही. कंपनी नमली ती बदनामीच्या भयाने. आणि ते भय घालण्याइतका गोतावळा ग्नोमपाशी होता. प्रत्येक प्रकल्पाच्या नशिबी तो नसतो. एओएल कंपनीच्या ‘एम’ या संदेशसेवेच्या नावाला आरंभी केवळ ‘जी’ जोडून बनलेले ‘गेम’ हे नाव धारण करणाऱ्या मुक्त आज्ञावलीला कंपनीच्या हरकतीमुळे अखेर 2007 साली तडजोड करून ‘पिजिन’ व्हावे लागले. तेथे साम्य होते, हे मान्य करावे लागेल. परंतु तडजोड होईपर्यंत विनामूल्य राबणाऱ्या त्या मंडळींच्या नव्या आवृत्त्या केवळ चाचणी-आवृत्त्या म्हणूनच बाहेर पडत राहिल्या. विलंबाचे ओझे कंपनीला जाणवतही नाही. दुबळ्याचे मात्र त्यातच कंबरडे मोडते.

तेव्हा सुधारणा हवी ती या खर्चाच्या वाटणीत. आधीच नोंदलेल्या नावाशी जुळणारा अर्ज आल्यास नोंदणी कार्यालयानेच मूळ धारकाला कळवावे आणि विरोधाच्या खर्चाची अनामत अर्जदाराकडून, त्याची उलाढाल पाहून, आगाऊ घ्यावी.