बटण कोणाच्या हातात?



अध्यक्षानं विशेष शिक्षण आणि उपचारांच्या क्षेत्राचा आढावा घ्यावा आणि सरकारकडे चार मागण्या कराव्यात, अशी आपल्याकडे रीत आहे. मागण्या आहेतच, त्या ठरावांत येतील. मी मात्र माझा वेळ एकाच विषयाला देणार आहे, तो म्हणजे स्वमग्न मुलांची भीती. कुत्रा, काळोख, पाल यांची भीती कुठल्याही मुलाला वाटते. मी बोलते आहे ती मिक्सरची, कुकरच्या शिट्टीची, कमोडच्या फ्लशची, वाढदिवसाच्या फुग्यांची, मॉलमधल्या हात वाळवायच्या यंत्राची, आभाळात जमणाऱ्या ढगांची भीती. ही यादी इथल्या कितीतरी आयांना पाठ असेल. आपल्या फायलींमध्ये मात्र ती क्वचित सापडते. आपण विचारत नाही, आणि दहा वर्षांचा मुलगा फुग्याला घाबरतो हे सांगायला पालकांना संकोच वाटतो.

विचारलं की काय हाती लागतं, ते २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसतं. १०३३ स्वमग्न मुलांच्या पालकांकडून माहिती घेतली, तेव्हा ४२१ मुलांना, म्हणजे ४१ टक्क्यांना, अशी जगावेगळी भीती असल्याचं कळलं. भीतीचे प्रकार ९२ निघाले. यंत्रांची भीती त्यांत आघाडीवर होती.

खरं तर हे नवं नाही. १९४३ साली बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात तीनचाकी सायकल, झोपाळा, लिफ्ट, व्हॅक्यूम क्लीनर, अंडी फेटायचं यंत्र, अगदी वारासुद्धा या मुलांची गाळण कशी उडवतो, याची नोंद आहे. तिथेच कॅनर आणखी एक गोष्ट टिपतात, आणि आपण ती वाचून पुढे जातो. ज्या आवाजाला मूल घाबरतं, तेवढाच मोठा आवाज ते स्वतः मजेत करतं. कॅनर यांनी याचा अर्थ लावला तो मुलाच्या एकटेपणात होणाऱ्या घुसखोरीचा. तो मला अपुरा वाटतो, पण निरीक्षण लाखमोलाचं आहे. आवाज तोच, फरक पडतो तो कुणी केला आणि केव्हा होणार हे ठाऊक होतं का, यानं. मिक्सर आईनं अचानक लावला तर मूल पलंगाखाली जातं. तेच मूल स्वतः बटण दाबून, स्वतः बंद करून हसताना अनेकांनी पाहिलं असेल.

म्हणून ‘सवय होईल हो’ या वाक्याशी माझं भांडण आहे. साध्या भीतीवर सामोरं जाण्याचा उपाय चालतो आणि स्वमग्न मुलांसाठी बेतलेली वर्तनोपचार पद्धतही त्याच वाटेनं जाते. त्याला माझा विरोध नाही. पण पायरी पायरीनं सामोरं नेणं वेगळं आणि ढकलणं वेगळं. काही मुलांना आवाज नुसता मोठा वाटत नाही, तो दुखतो. स्वतः स्वमग्न असलेल्या टेम्पल ग्रँडिन यांनी, लहानपणी शाळेची घंटा दंतवैद्याच्या ड्रिलसारखी बोचायची, असं लिहिलं आहे. ज्याला दुखतं त्याला धरून बसवलं तर सवय होत नाही. तुमच्यावरचा भरवसा तेवढा जातो.

केस कापण्याचंच घ्या. जावळापासून ही झटापट सुरू होते: मामा पाय धरतो, आजी डोकं धरते, बाबा खाऊ दाखवतात, आणि कापणारा घाईनं मशीन फिरवतो. मूल रडून थकतं, आपण म्हणतो झालं एकदाचं. पण यातलं नेमकं काय सोसवत नाही, याची चौकशी कुणी केलेली नसते. मशीनची थरथर असेल, मानेवर टोचणारे बारीक केस असतील, गळ्याशी आवळलेलं कापड असेल, अनोळखी हात असेल, किंवा हे कधी संपणार हे न कळणं असेल. प्रत्येकाचा इलाज निराळा. थरथर नको असेल तर कात्री वापरा. केस टोचत असतील तर अंगातला सदरा काढून कापा आणि लगेच आंघोळ घाला. शेवट कळत नसेल तर दहापर्यंत मोजून थांबायचं, पुन्हा दहा. मशीन आधी बंद अवस्थेत त्याच्या हाती द्यावं, मग दुसऱ्या खोलीत सुरू करावं, मग बटण त्यानंच दाबावं, मग गुडघ्याला लावून बघावं. सलूनमध्ये गर्दी नसेल अशा वेळी ओळखीच्या कारागिराला आधी सांगून ठेवता येतं. आणि ‘थांब’ची खूण शिकवलीत तर त्या खुणेवर खरंच थांबायला हवं. एकदा खूण करूनही मशीन चालूच राहिलं, तर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

भीती अचानक आली असेल तर आधी शरीर तपासा. शौचालयाला एकाएकी घाबरू लागलेल्या मुलाला बद्धकोष्ठ असू शकतं. कानाशी हात जाऊ न देणाऱ्याचा कान दुखत असू शकतो. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर हे पहिलं काम. त्याची भीती मारण्यात, पळण्यात, जेवण नाकारण्यात दिसते आणि अहवालात ‘वर्तन समस्या’ म्हणून नोंदली जाते. याच मुलांपैकी काहींना रस्त्याची, गच्चीच्या कठड्याची, पाण्याची भीती मात्र नसते. फुग्याला भिणारं मूल विहिरीकडे सरळ चालत जाऊ शकतं. नसलेली भीती शिकवणं हासुद्धा आपल्याच कामाचा भाग आहे.

थोडं कडू बोलते. आपल्या घरांत भीती हे मूल वाढवण्याचं साधन आहे. ‘बागुलबुवा येईल’, ‘पोलीसकाकांना बोलावू’, ‘डॉक्टर सुई टोचतील’, ‘बी गिळलीस तर पोटात झाड उगवेल’. इतर मुलं यातली गंमत वेळेवर ओळखतात. शब्दाला शब्द धरून चालणाऱ्या मुलाला ती कळेलच असं नाही, आणि मग ते कलिंगडाकडे बघेनासं होतं. आपण कारण शोधत बसतो तेव्हा कारण आपणच पेरलेलं असतं. पालकांना द्यायच्या सूचनांमध्ये हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापायला हवं.

आता सणांकडे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीच्या रात्री ती कुठे असते, हे आपण जाणतो. कान झाकणारे हेडफोन, आतली खोली, गावी जाणं, असे मार्ग पालक काढतातच. पण ढोल बंद करा असं सांगायला मी उभी नाही. आपल्यातली काही मुलं त्याच ढोलामागे नाचतात. मला मंडळांकडून वेळ हवी आहे. मिरवणूक आपल्या गल्लीत साधारण किती वाजता येणार, आरतीनंतर स्पीकर कधी बंद होणार, फटाक्यांची माळ कधी लागणार, हे आधी कळलं तर मुलाला चित्रांच्या तक्त्यावर दाखवता येतं आणि घरातून बाहेर पडायला अर्धा तास मिळतो. यासाठी खर्च शून्य आहे. सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप पुरतो.

ठरावांच्या मसुद्यात मी दोन ओळी जोडल्या आहेत. पहिली, सभासद केंद्रांनी नोंदणीच्या अर्जात भीतीसाठी वेगळं पान ठेवावं: कशाची, कधीपासून, तेव्हा मूल काय करतं, आणि तीच गोष्ट त्याच्या हाती दिली तर काय होतं. दुसरी, मंडळांना लिहायच्या पत्राची. मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. जेवणाआधी वाचून सुधारणा लिहून द्या, दुपारच्या सत्रात त्यावर मत घेऊ.