शेजारच्या कॉटवरचा सोबती

पावसाळा सुरू झाला की हडपसरच्या गाडीतळावर एक दृश्य हमखास दिसतं. सोलापूरकडून आलेल्या एसटीतून एक मुलगा उतरतो, त्याच्यामागे वडील. गादीची वळकटी, चाकांची बॅग, आईने दिलेला चिवड्याचा डबा. दोघं पत्ता विचारत ससाणेनगरकडे नाहीतर मांजरीकडे जातात. संध्याकाळी वडील परतीच्या गाडीत बसतात. मुलगा इथे राहतो.

या भागात शिकायला येणारी मुलं थोडीथोडकी नाहीत. अण्णासाहेब मगर महाविद्यालय आहे, रयत शिक्षण संस्थेचं एस. एम. जोशी महाविद्यालय आहे, हांडेवाडी रस्त्याला अभियांत्रिकी आहे, पुढे लोणी काळभोरला खासगी विद्यापीठ आहे. ज्यांना वसतिगृहात जागा मिळते त्यांना निदान एक रेक्टर तरी असतो. बाकीच्यांना ‘कॉट बेसिस’. एका खोलीत तीन-चार कॉट, एक खिडकी, मेसचा डबा. घरमालक महिन्याचं भाडं घेतो, मेसवाल्या मावशी डबा पाठवतात. पण मुलगा जेवला का, झोपला का, हे बघणं कुणाच्याच कामात बसत नाही. ते कळतं फक्त शेजारच्या कॉटवरच्याला.

श्रोतेहो, म्हणूनच आज मी डॉक्टरांविषयी कमी आणि या शेजारच्या कॉटवरच्या मुलाविषयी जास्त बोलणार आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. वसतिगृहांतून विद्यार्थ्यांमधलेच काही जण निवडावेत, त्यांना थोडं शिकवावं आणि सोबत्यांच्या मनाकडे लक्ष ठेवायला सांगावं, असा विचार आता बऱ्याच ठिकाणी रुजतो आहे. मुंबईच्या आयआयटीत नव्या मुलांच्या मदतीला वरच्या वर्गातले विद्यार्थी-मार्गदर्शक नेमण्याची पद्धत आहे. कल्पना चांगलीच आहे. पण हे काम नेमकं किती आणि कुठपर्यंत, हे ठरवलं नाही, तर आपण वीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर भलतंच ओझं देऊन बसू.

आपल्याकडे ही गोष्ट अगदी नवी नाही. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं. तिथे मुलं स्वयंपाकपाणी आपणच करत. एका चुलीभोवती बसणाऱ्याला कोण गप्प आहे, कोण अर्धी भाकरी टाकून उठला, हे वेगळं शोधावं लागत नाही. त्याच वर्षी साने गुरुजी अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तिथलं छात्रालय त्यांच्याकडे आलं. आजारी मुलाच्या उशाशी बसणारे, मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढणारे गुरुजी महाराष्ट्राला ठाऊक आहेत. आज हडपसरात त्यांच्या नावाचं रुग्णालय आहे.

साध्या माणसाच्या ऐकण्याने खरंच काही होतं का, अशी शंका येते. लंडनमध्ये १९५३ साली चॅड वारा नावाच्या पाद्र्याने हताश लोकांसाठी एक टेलिफोन ठेवला. भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत बसलेल्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला काही स्वयंसेवक असत. थोड्याच महिन्यांत वाराच्या लक्षात आलं की स्वयंसेवकांशी बोलूनच अनेकांचं मन हलकं होतं, आत येण्याची गरजच उरत नाही. ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातून उभी राहिली. इतकं लांब कशाला, आपल्या शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून आरोग्य केंद्रांत उदास आणि चिंताग्रस्त रुग्णांच्या मदतीला बसवलं. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा उपयोग झाल्याचं २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मात्र एक गोष्ट विसरू नका. ही माणसं शिकवून तयार केलेली होती आणि त्यांच्या पाठीशी जाणकार डॉक्टर उभे होते.

मग आपल्या विद्यार्थी-प्रमुखाने करायचं काय? आजारांची नावं पाठ करायची त्याला गरज नाही. मेसचा डबा चार दिवस न उघडता परत जातो आहे. एखादी मुलगी रात्रभर जागी आणि दिवसभर पांघरुणात. वर्ष गेलं, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘वायडी’ झाला, आणि घरी अजून सांगितलेलंच नाही. दिवाळीला गावी जायचं टाळतो. आपलं घड्याळ, पुस्तकं अचानक वाटून टाकतो. हे बघायचं आणि बाजूला बसून विचारायचं, ‘काय झालंय? सांगतोस का?’ तो बोलू लागला की मध्ये आपलं शहाणपण आणायचं नाही. ‘एवढ्यावरून खचतोस? बापाने तुझ्यासाठी किती सोसलं!’ हे वाक्य तर खोलीबाहेरच ठेवावं. बापाने सोसलेलं त्याला माहीत असतं, आणि बहुतेक वेळा त्याच्या छातीवर तोच धोंडा असतो.

जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हेही सरळ विचारावं. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे. पण ती खरी नाही. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट कुणीतरी विचारलं याचाच माणसाला आधार वाटतो.

आता खरी अडचण. उत्तर ‘हो’ आलं, आणि पाठोपाठ तो म्हणाला, ‘कुणाला सांगू नकोस, तुला आईची शपथ आहे.’ एकोणीस-वीस वर्षांच्या वयात शपथ मोडणं म्हणजे मैत्री मोडणं. इथे भलीभली मुलं अडकतात. म्हणून प्रशिक्षणात सगळ्यात आधी हेच शिकवायला हवं, की शपथ पडण्याच्या आधीच बोलून ठेवावं: ‘तुझी गोष्ट मी चावडीवर नेणार नाही, पण जिवाचा प्रश्न आला तर एका मोठ्या माणसाला सांगेन, आणि तुला सांगूनच सांगेन.’ त्यानंतर त्याला एकटं सोडायचं नाही. रेक्टरला, शिक्षकांना, घरच्यांना, जो हाताशी असेल त्याला बोलवायचं. ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येतं. हा नंबर मेसच्या दाराशी लावून ठेवायला कुणाची हरकत असू नये. इथवर आलं की विद्यार्थी-प्रमुखाचं काम झालं. उपचार त्याने करायचे नाहीत.

अशा कामाला मुलगा निवडायचा कसा? १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर आपल्या महाविद्यालयांत विद्यार्थी प्रतिनिधी गुणांवरून नेमायची पद्धत पडली. पहिला नंबर काढणारा ऐकून घेणारा असेलच असं नाही. गणपतीची वर्गणी दणक्यात जमवणारा जीएसही नाही. मजल्यावरच्या मुलांना गुपचूप कागदावर लिहायला सांगा, ‘पैसे संपले, रडू आलं, तर तू कुणाकडे जाशील?’ जे नाव पुन्हा पुन्हा येईल, ते तुमचं माणूस. बहुधा ते कमी बोलणारं निघेल.

आणखी एक सांगायला हवं. प्रत्येक दुःख समुपदेशकाकडे पाठवायचं नसतं. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टरचा आत्महत्येने मृत्यू झाला. वरच्या वर्षातल्या सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. जिथे छळ चालू आहे तिथे ‘मन शांत ठेव, दीर्घ श्वास घे’ असं सांगणं म्हणजे छळणाऱ्याला सवलत देणं. तिथे लेखी तक्रार लागते आणि तक्रार करणाऱ्याच्या बाजूला उभा राहणारा सोबती लागतो.

२०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण द्यावं, असं त्यांत आहे. पण कॉट बेसिसची खोली कुठल्याच महाविद्यालयाच्या हजेरीपटावर नसते. महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळी राहण्याचा पत्ता घेतलेला असतोच. त्या पत्त्यांवरून इमारतवार एकेक सोबती ठरवायला फार खर्च येत नाही.

शेवटी पुन्हा गुरुजींकडे येतो. शेकडो मुलांचे डोळे पुसणाऱ्या या माणसाने ११ जून १९५० रोजी स्वतःचं जीवन संपवलं. त्याची कारणं कुणी एका वाक्यात सांगू नयेत, मीही सांगत नाही. पण दुसऱ्याचं ऐकणाऱ्याचंही मन भरून येतं, एवढं आपण त्यावरून ध्यानात ठेवू शकतो. ज्या मुलीने रात्री दोनपर्यंत मैत्रिणीला सांभाळलं, तिचाही सकाळी दहाला पेपर असतो. म्हणून अशा प्रमुखांना एकेकटं नेमू नये, जोडीने नेमावं. पंधरा दिवसांतून एकदा त्यांनी समुपदेशकासमोर बसावं आणि त्या वेळी दुसऱ्यांचं नव्हे, आपलं सांगावं. ‘मला आता हे झेपत नाही’ असं म्हणायची मुभा पहिल्याच दिवशी द्यावी. आणि परीक्षेच्या महिन्यात रात्रीचा फोन त्यांच्याकडून काढून रेक्टरने स्वतःच्या उशाशी ठेवावा.