डॉक्टर कुणासाठी घडतो?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या भावासाठी बोलावलेल्या बैठकीत मुंबईच्या मेडिकल कॉलेजची गोष्ट कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण उत्पादन खर्चाचा हिशोब मांडताना आपण बियाणे, खत, मजुरी, व्याज धरतो. दवाखाना धरत नाही. घरातले एक माणूस अंथरुणाला खिळले की हंगामाचे पीक त्यात जाते, कधी रानही विकावे लागते. तेव्हा हा हिशोबही आपलाच आहे.

मुंबईच्या उपनगरांकडे बघा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. शेती परवडत नाही म्हणून गाव सोडलेली कितीतरी माणसे तिथल्या झोपडपट्ट्यांत आणि चाळींत राहतात. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसे होती आणि उपनगर जिल्ह्यात सुमारे ९३ लाख. म्हणजे चारातली तीन उपनगरात. आता महापालिकेची मेडिकल कॉलेजे कुठे होती ते पाहा. नायरचे १९२१ साली, मुंबई सेंट्रलला. केईएमचे १९२६ साली, परळला. तिसरे १९६४ साली, शीवला. तिन्ही जुन्या शहरात. उपनगरात रुग्णालये होती : विलेपार्ले-अंधेरीकडे कूपर, घाटकोपरला राजावाडी, बोरिवलीला भगवती, मुलुंडला अग्रवाल. पण डॉक्टर घडवणारे पालिकेचे कॉलेज एकही नव्हते. ते निघाले २०१५ साली, कूपर रुग्णालयाला जोडून, १५० जागांचे. पहिल्या कॉलेजानंतर ९४ वर्षांनी!

शरद जोशींनी आपल्याला शिकवले की इंडिया आणि भारत ही नकाशावरची रेघ नव्हे. मुंबईतही भारत आहे, आणि तोही रांगेत मागेच उभा असतो.

कॉलेज आले म्हणजे काय होते? रुग्णालय तेच असले तरी त्याला प्राध्यापक लागतात, वेगवेगळे विभाग लागतात, प्रयोगशाळा लागते. शिकणारे डॉक्टर रात्रंदिवस वॉर्डात असतात. रात्री दोन वाजता अपघाताचा माणूस आणला तर त्याला हात लावणारे कुणीतरी जागे असते. म्हणून प्रत्येक जिल्हा कॉलेज मागतो, आणि त्यात गैर काही नाही.

पण इथेच आपली फसगत होते. आपण कॉलेज मागतो, सरकार इमारत देते. कोनशिला बसते, फोटो निघतात, आणि आपण समजतो काम झाले.

अंधेरीकडच्या रुग्णालयात शिकणारे पोर काय पाहते? क्षयरोग, डेंग्यू, हिवताप, लोकलखाली सापडलेली माणसे. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचा ताप पसरला, तोही तिथल्या डॉक्टरांना ओळखावा लागला. हे योग्यच आहे. ज्या मुलखातला रोगी, त्या मुलखाचे ज्ञान. मग आपल्या मुलखाचे ज्ञान कुठे शिकवले जाते?

यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेज १९८९ पासून आहे. कपाशीचा जिल्हा, कपाशीच्या जिल्ह्यातले कॉलेज. तरीही २०१७ च्या फवारणीत त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले, शेकडो रुग्णालयात पडले. कीटकनाशकाची बाधा रक्तात किती झाली हे सांगणारी कोलिनएस्टरेजची तपासणी तेव्हा तिथे होत नव्हती. हा डॉक्टरांवर राग नाही. त्या दिवसांत ते राबले. पण ज्या मुलखात दरवर्षी कपाशीवर विष मारले जाते, तिथल्या कॉलेजात त्या विषाची तपासणी नसावी, याला काय म्हणायचे? जागा यवतमाळची, पण अभ्यास दुसऱ्या कुठल्यातरी मुलखाचा!

याच्या उलटही उदाहरणे आहेत, आणि ती आपल्याच मातीतली आहेत. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. नागपूरला डॉक्टर झाले आणि १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. कोकणात लाल विंचू चावून माणसे मरत होती. कितीतरी पोरे दगावत होती आणि पुस्तकात त्याला उपाय नव्हता. त्यांनी रोग्याच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. प्राझोसिन नावाचे रक्तदाबाचे साधे औषध त्यावर चालते, हे दाखवून दिले. शंभरात चाळीसच्या घरात जाणारे मृत्यू एकावर आले. हे ज्ञान आरोग्य केंद्रातून निघाले आणि जगभर गेले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्या बाया ना डॉक्टर, ना नर्स. तरी नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटले, हे १९९९ साली जगासमोर आले. म्हणजे आरोग्याचे शिक्षण एमबीबीएसच्या वर्गातच संपत नाही. नर्सबाई, प्रयोगशाळेतला माणूस, गावची आशा, हेही त्याच शिक्षणाचे धनी आहेत.

आणि सेवाग्राम. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी तिथे मेडिकल कॉलेज काढले. तिथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव घेते. गावात मुक्काम करते, वाट्याला आलेल्या घरांची विचारपूस पुढेही करत राहते. चूल कशी आहे, पाणी कुठून येते, पैसा कधी येतो आणि कधी संपतो, हे पाहिलेला डॉक्टर रोग्याला 'एवढा उशीर का केला?' म्हणून खेकसत नाही.

आता प्रवेशाचे बघू. महाराष्ट्रात पूर्वी ७०-३० चा नियम होता. त्या त्या विभागातल्या कॉलेजांत ७० टक्के जागा तिथल्या मुलांना. २०२० साली तो उठला. मराठवाड्यात कॉलेजे कमी, जागा कमी, म्हणून तिथल्या पोरांवर अन्याय होत होता आणि तो उठावा ही मागणी रास्तच होती. पण नियम उठला म्हणून प्रश्न सुटला नाही. एक वर्षाच्या सरकारी सेवेचे बंधपत्र असते. दहा लाख रुपये भरून ते टाळण्याची वाट वर्षानुवर्षे खुली होती. ज्याच्या बापाकडे दहा लाख, त्याची गावातून सुटका! आणि नुसत्या सक्तीने तरी काय होते? राहायला खोली नाही, हाताशी नर्स नाही, कपाटात औषध नाही, अशा केंद्रात वर्ष काढलेला डॉक्टर पुन्हा तिकडे फिरकत नाही.

आम्ही भीक मागायला उभे नाही. ही कॉलेजे करातून चालतात, आणि कर काय फक्त पगारदार भरतो? खताच्या पोत्यापासून काडीपेटीपर्यंत आपणही भरतो. तेव्हा हिशोब मागायचा हक्क आहे. आमचे म्हणणे चार कलमांत :

१. जिल्ह्यातल्या मेडिकल कॉलेजात फवारणीची विषबाधा, सर्पदंश, उन्हाचा तडाखा आणि सिकलसेल यांची तपासणी व उपचार पक्के असावेत, आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला करता यावेत.

२. प्रत्येक तुकडीला कोरडवाहू गाव द्यावे, आणि एका दिवसाच्या सहलीवर भागवू नये.

३. नर्स, तंत्रज्ञ आणि आशा यांचे शिक्षण त्याच कॉलेजाने आपले काम मानावे.

४. शिकून गेलेल्यांपैकी किती जण ग्रामीण भागात आहेत, हे कॉलेजाने दरवर्षी जाहीर करावे.

मागणी करायची तर हातात कागद हवा. म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्या. आपल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर-नर्सच्या जागा किती आणि भरलेल्या किती? सापाच्या विषावरची लस आज कपाटात आहे का? फवारणीत माणूस पडला तर त्याला कुठे नेतात, आणि पोचायला किती वेळ लागतो? तोंडी उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज करा.

उपनगराला ९४ वर्षे थांबावे लागले. आपल्या जिल्ह्यात कॉलेज आहे, पण ते आपले व्हायचे राहिले आहे. फवारणीचा हंगाम काही थांबणार नाही. त्याआधी हा कागद तयार झाला पाहिजे.