तुरट हिरडा आणि दातांचं आरोग्य

उन्हाळ्यात जुन्नर, आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं कोवळा हिरडा गोळा करतात. वाळून काळा पडला की तोच बाळहिरडा. दाढेखाली धरा, तोंड लगेच आवळून येतं. ही किमया टॅनिनची. सुजलेल्या हिरड्यांनाही ते असंच आकसून घेतं, किरकोळ रक्तस्राव कमी होतो.

बाळहिरड्याची चमचाभर भरड दोन कप पाण्यात उकळून निम्मं आटवा. गाळून, कोमट झाल्यावर चुळा भरा आणि थुंकून टाका. भरड पूड मात्र दातांवर खसाखसा घासू नका; हिरड्या सोलवटतात.

दातांवर चढलेलं किटण चुळांनी निघत नाही. ते दंतवैद्यांकडूनच काढून घ्या. रोज रक्त येत असेल, दात हलत असेल, तर काढ्यावर दिवस घालवू नका, हे कळकळीचं सांगणं.