भूमिका-खेळातील फळा



टेबलाभोवती बसून खेळावयाचे भूमिका-खेळ आज अनेक देशांत रूढ झाले आहेत. त्यांपैकी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनी रचला आणि १९७४ साली तो अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावी प्रसिद्ध झाला. या खेळात एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंगाचे वर्णन करतो. इतर खेळाडू एकेक पात्र होऊन आपण काय करणार ते सांगतात. यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निकाल लावला जातो. या खेळाचे मुख्य साहित्य म्हणजे शब्द. मग त्यात फळ्याचे प्रयोजन काय? या प्रश्नाचे उत्तर वर्गातही उपयोगी पडण्याजोगे आहे.

शब्दाने उभे केलेले चित्र प्रत्येकाच्या मनात निराळे उमटते. समजा, सूत्रधार म्हणाला, “समोर ओढा आहे. साकव मोडला आहे. पलीकडे एक वाटसरू जखमी होऊन पडला आहे.” एका मुलाच्या मनातील ओढा पाच फुटांचा. तो म्हणतो, “मी उडी मारतो.” सूत्रधाराच्या मनातील ओढा मात्र तीस फुटांचा. उडी फसते, पात्र वाहून जाते आणि आपल्याला फसविले असे मुलाला वाटते. डाव गेल्याचे दुःख मूल विसरते. अन्याय झाल्याची भावना सहसा विसरत नाही.

हाच ओढा चौकटी आखलेल्या फळ्यावर काढला, तर गोष्ट बदलते. एक चौकट म्हणजे पाच फूट, हे प्रमाण वरील खेळाच्या २००० सालच्या आवृत्तीत मुख्य नियम म्हणून आले. मूल चौकटी मोजते. त्या सहा भरतात. मग ते दोर मागते, किंवा ओढ्याला उतार कोठे आहे ते विचारते. एवढे कळूनही त्याने उडी मारलीच, तर होणारा परिणाम त्याच्या स्वतःच्या निर्णयाचा असतो आणि तो ते स्वीकारते.

अंतराप्रमाणेच पाळीचा क्रमही फळ्यावर लिहावा. धीट मूल दुसऱ्याची पाळी सहज घेऊन टाकते आणि अबोल मूल गप्प राहते. नावे क्रमाने लिहिलेली असली, म्हणजे अबोल मुलाला आपली पाळी येत असल्याचे आधी दिसते आणि विचार करण्यास अवकाश मिळतो. कथेत आलेल्या नव्या व्यक्तींची व गावांची नावेही कोपऱ्यात लिहावीत.

तथापि सर्वच काही फळ्यावर मांडणे इष्ट नाही. प्रशियाच्या सैन्यातील रायस्वित्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली युद्धाचा एक खेळ सिद्ध केला. तो १:८००० प्रमाणाच्या नकाशावर खेळला जाई. शत्रूचे जे सैन्य दृष्टीच्या टप्प्यात येई, तेवढेच पंच नकाशावर मांडत असे. उरलेले सैन्य त्याला ठाऊक असूनही नकाशावर येत नसे. आजचा सूत्रधारही हेच करतो. पात्रे दार उघडतात तेव्हाच तो आतील खोली रेखाटतो. नकाशा आधीच काढलेला असल्यास न पाहिलेला भाग कागदाने झाकून ठेवतो.

चित्र फार सजविले, तर मुले चित्रातच गुंततात. “आतून आवाज कसला येतो?” असे विचारावयाचे सोडून ती केवळ सोंगट्या सरकवू लागतात. म्हणून संभाषणाच्या प्रसंगी फळा पुसून टाकणे चांगले. मोजक्या रेषा पुरेत. उरलेले चित्र ऐकणाऱ्याच्या मनाने पुरे करावे.

साहित्याविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. पांढऱ्या फळ्याच्या शाईत तिला पृष्ठभागाला चिकटू न देणारा पदार्थ असतो. म्हणून ती कोरड्या फडक्याने निघते. चुकून पक्क्या शाईने लिहिले गेल्यास त्यावरून फळ्याचे मार्कर पेन गिरवून लगेच पुसावे. व्हिनाइलच्या आखीव पटावर मात्र ओल्या फडक्याने पुसली जाणारी शाई वापरावी; फळ्याची शाई त्यावर डाग ठेवते. यांपैकी काहीच नसले तरी अडत नाही. काळा फळा व खडू आहेच. फरशीचे चौकोन आयतेच असतात आणि चिंचोके, खडे, बांगड्यांचे तुकडे यांची पात्रे होतात. तुकड्यांच्या कडा मात्र बोथट असाव्यात.

गणिताचे उदाहरण असो वा इतिहासातील वेढा असो, फळ्याकडे वळण्यापूर्वी शिक्षकाने हाच विवेक करावा. जे कळल्यावाचून मुलाला निर्णय करता येत नाही, ते स्पष्टपणे फळ्यावर असावे. जे शोधून काढण्यातच आनंद आहे, ते मुलासाठी राखून ठेवावे.