परदेशी बाजारपेठ आणि हातांतील कसब

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात इंदूर येथे दिलेले व्याख्यान)



समाजाच्या उत्सवात अर्थशास्त्राचा विषय जरा रुक्ष वाटेल, हे मी जाणतो. परंतु मुलामुलींना स्वतःच्या पायांवर उभे करणे हेच आपल्या ट्रस्टचे मुख्य कार्य असल्यामुळे, एखादा देश स्वतःच्या पायांवर कसा उभा राहतो याचा विचार येथे अप्रस्तुत होणार नाही.

गरीब देशाला यंत्रे, खनिज तेल, औषधे बाहेरून आणावी लागतात व त्यांची किंमत परकीय चलनात चुकवावी लागते. कर्जाने काही दिवस भागते. अखेर काहीतरी विकूनच ते चलन मिळवावे लागते. मग ज्या देशापाशी विकण्याजोगा माल फारसा नाही, त्याने काय करावे? आपल्या शेजारच्या बांगला देशाचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे.

१९७१ साली हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्याची सारी भिस्त तागावर होती आणि कृत्रिम धाग्यांमुळे तागाची मागणी घटत चालली होती. कापूस तेथे नाममात्र पिकतो. तरीही १९७०च्या दशकाच्या अखेरीस नुरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून 'देश गार्मेंट्स' हा कारखाना चितगाव येथे काढला. कोरियाच्या कपड्यांवर श्रीमंत देशांनी कोट्याचे बंधन घातले होते. बांगला देशावर ते नव्हते. देवूचा स्वार्थ तेथे होता. पण कादेर यांनी नुसती यंत्रे घेतली नाहीत, तर १३० माणसे कोरियात शिकावयास पाठविली. ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरली.

१९८० साली, पहिल्या वर्षी, कारखान्याने सुमारे ४३,००० शर्ट शिवले. पुढे त्या १३० पैकी ११५ माणसे नोकरी सोडून गेली. कोणी इतर कारखान्यांत शिरले, कोणी स्वतःचे कारखाने काढले. एका मालकाचे नुकसान झाले खरे, पण विद्या देशभर पसरली. यंत्र गंजते, शिकलेला हात जेथे जाईल तेथे दुसऱ्याला शिकवितो.

सरकारनेही दोन शहाणपणाचे नियम केले. निर्यातीच्या कपड्यासाठी आणलेले कापड बाँडेड वखारीत जकातीशिवाय ठेवता येऊ लागले. आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या पतपत्राच्या आधारावर कापड उधार आणण्याची सोय झाली. शेजारणीचे पोलके शिवून देणाऱ्या बाईकडून कापडावर आधीच कर घेतला, तर ती सुई हातात धरणार कशी? हा साधा हिशेब त्या नियमांमागे होता.

१ जानेवारी २००५ रोजी जागतिक कोटापद्धती संपली, तेव्हा हा धंदा बुडणार असे भाकीत अनेकांनी केले. तसे झाले नाही. युरोपची जकातमाफी होतीच. पण लाखो हातांची सफाई व वेळेवर माल देण्याची शिस्तही एव्हाना कमावलेली होती. आज त्या देशाच्या निर्यातीत चार-पंचमांशाहून अधिक वाटा कपड्यांचा आहे.

परंतु नाण्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते. तरी कामगारांना आत बोलाविण्यात आले. यानंतर परदेशी खरेदीदार व कामगार संघटना यांच्यात इमारतींच्या सुरक्षिततेचा बंधनकारक करार झाला, तपासण्या झाल्या, आणि धंदा बुडाला नाही. माणसाचा जीव स्वस्त केल्यावाचून स्पर्धेत टिकता येत नाही, हे म्हणणे खोटे आहे. शिवाय एकाच मालावर सारा संसार उभारण्यातील धोका आहेच.

आपल्याकडे पहा. कापूस आपल्या माळव्यात पिकतो. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसे या सभागृहात बसली आहेत. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. इतर गिरण्याही गेल्या. दुसरीकडे कपडे शिवण्याचा धंदा लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्याने आपल्या देशात मोठे शिवण-कारखाने फार काळ उभे राहू शकले नाहीत. हे धोरण २००० सालानंतर बदलले. हेतू चांगला होता, परंतु परदेशी गिऱ्हाइकाला एकसारखे लाखभर शर्ट ठरल्या तारखेस हवे असतात, याचा विसर पडला.

जकातीचे नियम करणे ट्रस्टच्या हातात नाही. माणसे शिकविणे मात्र आहे. आपल्या शिष्यवृत्त्या पदवीच्या वाटेने जाव्यातच. पण शिवण, कापणी, रंगाई, मालाची पारख व यंत्रदुरुस्ती शिकणाऱ्या मुलामुलींनाही त्याच मानाने, त्याच व्यासपीठावरून त्या मिळाव्यात, अशी माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे. हातांच्या विद्येला आपण दुय्यम लेखतो तोवर बाजारपेठ आपल्याला दुय्यम लेखणार. १३० माणसांनी एका देशाचे नशीब पालटण्यास हातभार लावला. आपण दरसाल दहा जणांपासून आरंभ करू या.