तण नव्हे, तरोटा
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात वसतिगृहातील मुलामुलींना घेऊन मी महाराजबागेत गेलो होतो. भोसल्यांच्या काळातली ही बाग आज कृषी महाविद्यालयाकडे आहे. वनस्पतींची पाहणी कशी करतात, हे मुलांना दाखवायचे होते. झाडांसाठी दोरीने दहा मीटर लांब-रुंद चौकोन आखायचा, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजायचा. गवत आणि लहान रोपांसाठी एक मीटरचा चौकोन पुरतो. प्रत्येक नावापुढे लिहायचे : लावलेले की आपोआप उगवलेले, फूल आहे का, फळ आहे का.

एका लहान चौकोनात तीन-चार जातींची रोपे होती. मी वहीत सरळ ‘तण’ असे लिहिले. शेजारी गडचिरोलीकडची एक मुलगी होती. ती हळूच म्हणाली, “सर, हे तण नव्हे. हा तरोटा आहे. आमची आजी याच्या कोवळ्या पानांची भाजी करते.”

मी ‘तण’ खोडून ‘तरोटा’ लिहिले. मग इतर मुलांना विचारले. पहिलीपासून वसतिगृहात राहिलेल्यांपैकी एकालाही तो ओळखता आला नाही.

हे मला लागले. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती वेचायला सारे घर जंगलात जाते. आजी मुलांना झाडे दाखवते ती तेव्हाच. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपली मुले इथे परीक्षेला बसलेली असतात. आपण त्यांना शाळा दिली, ती द्यायलाच हवी होती. पण त्या पहाटा आपण नकळत काढून घेतल्या.

आपल्याच शहरातील एक उदाहरण सांगतो. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आले. त्यांनी या भागातील खडकांतून प्राचीन वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले. त्याचबरोबर गोंड लोकांचे शब्द आणि गाणीही लिहून घेतली. 1863 मध्ये ते बुडून वारले. पण टिपणे मागे राहिली होती, म्हणून रिचर्ड टेंपल यांना ती 1866 मध्ये छापता आली. जे लिहिलेले नव्हते, ते त्यांच्याबरोबरच गेले.

आजी गेली की तिचे शब्दही असेच जातात.

2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करण्याची सोय केली आहे. आपल्या परिसरात काय उगवते, त्याला लोक काय म्हणतात आणि ते कशासाठी वापरतात, हे त्यात यावे लागते. ती वही बाहेरच्या माणसाने एका दिवसात भरली, तर तीही माझ्यासारखीच होईल : तरोट्याच्या जागी ‘तण’. ती गावाच्या मुलांनी भरावी. बागेत चौकोन आखायला शिकायचे ते त्यासाठी.

म्हणून आता प्रत्येक मुलाला एक वही दिली आहे. शास्त्रीय नाव, मराठी नाव, घरच्या बोलीतले नाव आणि उपयोग असे चार रकाने आहेत. पहिला रकाना आम्ही शिकवू. शेवटचे दोन दिवाळीच्या सुटीत घरी भरायचे. एक नियम आहे. औषधाची माहिती सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय लिहायची नाही. ती त्या घराची ठेव आहे.

आपल्याकडे माझे मागणे मोठे नाही. वह्या, मोजपट्ट्या आणि थोडी भिंगे हवी आहेत. मोहाच्या दिवसांत, परीक्षा आटोपताच मुलांना लगेच घरी पोहोचवता यावे, म्हणून प्रवासखर्च हवा आहे. आणि ज्यांना सवड आहे, त्यांनी एखाद्या रविवारी दुपारी आमच्याबरोबर अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात यावे. नावे मुले सांगतील, आपण लिहून घ्या.

त्या मुलीच्या वहीत पहिले नाव तरोट्याचे आहे. शास्त्रीय नावाचा रकाना मी भरला : सेन्ना टोरा. घरच्या बोलीतले नाव तिने मोकळे ठेवले आहे. आजीला विचारूनच लिहीन, म्हणाली.